कोचीचं कमळ आणि रेगेन्सबर्गचा चित्रकार

रेगेन्सबर्गला एक दिवसासाठी जाणारा माणूस साधारण काय बघतो ते ठरलेलं आहे. डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल, पुलाशेजारची सॉसेजची जुनी खानावळ, कॅथेड्रल, आणि संध्याकाळची म्युनिकची ट्रेन. तुम्ही बव्हेरियात शिकत असाल तर हा दौरा एव्हाना झालाही असेल. पॉडकास्टच्या या भागात आपण पाण्यातली फुलं आणि चित्रं यांच्याबद्दल बोललो, पण रेगेन्सबर्गची गोष्ट वेळेअभावी पाच मिनिटांत उरकावी लागली. ती इथे नीट सांगतो. कारण १७३० च्या आसपास या गावात एक तरुण चित्रकार एका बँकरसाठी मलबारच्या वनस्पतींची चित्रं रंगवत बसला होता, आणि ज्या ग्रंथातली ती चित्रं होती त्या ग्रंथात नागरी अक्षरं छापलेली होती. त्याला ती वाचता येणं शक्य नव्हतं. तुम्हाला येईल.

आधी गाव समजून घेऊ. तेव्हाचं रेगेन्सबर्ग म्हणजे आजच्यासारखं शांत विद्यापीठाचं शहर नव्हे. १६६३ पासून पवित्र रोमन साम्राज्याची कायमची संसद तिथे भरत होती. म्हणजे शेकडो छोट्यामोठ्या राज्यांचे वकील, राजदूत, त्यांचे कारकून, त्यांना कर्ज देणारे सावकार आणि त्यांना औषधं विकणारे दुकानदार. पैसा होता, आणि पैसेवाल्यांना महागडी पुस्तकं बाळगायची हौस होती.

याच गावात १७१० मध्ये योहान विल्हेल्म वाइनमन नावाचा माणूस औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून आला. पुढे त्याने स्वतःचं दुकान घेतलं, श्रीमंत झाला आणि त्याच्या डोक्यात एक अचाट कल्पना आली: माहीत असलेल्या सगळ्या वनस्पतींचं रंगीत चित्रांचं पुस्तक. आज आपण त्याला 'फायटान्थोझा आयकोनोग्राफिया' म्हणून ओळखतो. चार खंडांचं चित्रमय काम, १७३७ ते १७४५, एकूण १०२५ पानभर चित्रं, त्यांत ४,००० हून जास्त झाडं. वाइनमन स्वतः १७४१ मध्येच गेला. शेवटचे खंड त्याच्या मागे निघाले. झाडं लॅटिन नावांच्या वर्णानुक्रमे लावलेली आहेत, त्यामुळे 'निम्फिया', म्हणजे पाणकमळं, तिसऱ्या खंडात 'एन' अक्षराखाली सापडतात.

या पुस्तकाचं तंत्र थोडं सांगायलाच हवं, कारण पाणकमळासाठी ते फार जमून आलं. तोवर वनस्पतींची चित्रं बहुतेक रेघांची असत: लाकडात किंवा तांब्यात रेघा कोरायच्या, काळ्या शाईत छापायच्या, मग कोणीतरी हाताने रंग भरायचा. वाइनमनच्या कारागिरांनी मेझोटिंट वापरलं. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळीकडून खरखरीत करायचा. तसाच छापला तर नुसता गडद ठसा. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करत जायचं. म्हणजे अंधारातून उजेडाकडे काम. त्यात पत्र्यावरच वेगवेगळे रंग लावून छापायचे आणि शेवटी ब्रशने हात फिरवायचा. यामुळे छटा हळूहळू बदलते, रेघ तुटक दिसत नाही. पाणकमळाच्या पाकळीचा जो मेणचट गुबगुबीतपणा असतो तो रेघांनी धरता येत नाही, छटांनी येतो.

आता मूळ चित्रं कोणी काढायची? वाइनमनने एक माळी पकडला. गेओर्ग डिओनिसियस एह्रेट, जन्म १७०८, हायडेलबर्गचा, माळ्याचाच मुलगा, कार्ल्सरूऽला राजाच्या बागेत कामाला होता. चित्रकला बापाकडून शिकलेला. करार ठरला वर्षाला हजार चित्रांचा. हिशेब करा: दिवसाला जवळजवळ तीन, रविवार धरून. वर्ष संपलं तेव्हा पाचशे झाली होती. कोणत्याही शहाण्या माणसाला पाचशे म्हणजे कमाल वाटली असती. वाइनमनने मात्र करार मोडला म्हणून थोडेसे पैसे हातावर टेकवले आणि त्याला घालवून दिलं. पुस्तकातल्या चित्रांखाली कोरणाऱ्यांची नावं भेटतात, सॉयटर, रिडिंगर, हाइड. एह्रेटच्या पाचशे चित्रांतली कुठली कुठे गेली ते पुस्तक चाळून कळत नाही. (इंटर्नशिपच्या नावाखाली तुम्ही असं काही अनुभवलं असेल तर हा प्रकार नवा नाही एवढंच.)

एह्रेटला लगेच दुसरा आश्रयदाता मिळाला, आणि इथून गोष्ट आपल्याकडे वळते. हा होता गावातला एक बँकर. एह्रेटच्या आठवणींत त्याचं नाव लेस्केनकोल असं येतं. नॉयफार्रप्लाट्झ या चौकात लोशेनकोल या, कानाला तसंच लागणाऱ्या आडनावाच्या बँकरचा वाडा अजून उभा आहे, १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला. या बँकरसाठी एह्रेटने केलेल्या कामांत एक होतं 'हॉर्टस मलाबारिकस'ची चित्रं रंगवण्याचं. 'मलबारची बाग'.

हा ग्रंथ बारा खंडांचा, ॲम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ दरम्यान छापलेला, लॅटिनमध्ये, केरळच्या सातशेहून अधिक वनस्पतींवर. करवून घेणारा हेंड्रिक व्हान रेडे, डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीचा प्रमुख. त्याचा हेतू नुसता विद्येचा होता असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. कंपनी आपल्या माणसांसाठी औषधं युरोपातून आणत होती, आणि ज्या झाडांपासून ती बनत त्यातली कित्येक आशियातच उगवत होती. शिवाय कंपनीच्या आतलं राजकारण होतं: मलबार महत्त्वाचं की श्रीलंका, यावर रेडेचं आपल्या वरिष्ठांशी वाजलेलं होतं. मलबार किती समृद्ध आहे ते दाखवायला बारा खंडांसारखा पुरावा कुठला?

पण झाडं ओळखून कोणी दिली? ग्रंथाच्या पहिल्या खंडात याची उत्तरं प्रमाणपत्रांच्या रूपात छापली आहेत. एक आहे इट्टी अच्युदन या ईळव समाजातल्या वैद्यांचं, जुन्या मल्याळी लिपीत. दुसरं आहे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांचं, एप्रिल १६७५ चं. हे तिघे कोचीत राहणारे कोंकणी भाषक गौड सारस्वत. पोर्तुगीज अमलात गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या कुटुंबांच्या समाजातले. त्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे आणि भाषा कोंकणी. ते मराठी आहे असं सांगणारा फॉरवर्ड तुमच्या कौटुंबिक ग्रुपवर आला तर प्रेमाने दुरुस्त करा. मराठी वाचणाऱ्याला त्यातले शब्द इकडेतिकडे ओळखीचे लागतात, ते शेजारपणाचं नातं आहे, मालकीचं नव्हे.

श्रेय कोणाचं किती, यावर अभ्यासकांत खरा वाद आहे. पर्यावरणाचा इतिहास लिहिणारे रिचर्ड ग्रोव्ह यांचं म्हणणं असं की ग्रंथाची खरी बैठक ईळव वैद्यांच्या ज्ञानाची आहे. झाडाला हात लावून, चाखून, गावोगाव हिंडून मिळवलेलं ज्ञान. भट-पंडितांकडे निघंटूंचं, म्हणजे पोथीतल्या औषधी कोशांचं बळ होतं. मला ग्रोव्ह यांचा मुद्दा बराचसा पटतो. ग्रंथात झाडांची मुख्य नावं मल्याळी आहेत यावरूनच पारडं कुठे झुकतं ते दिसतं. पण कोंकणी नावंही दिलेली आहेत, 'ब्राह्मणांच्या भाषेतली' म्हणून. एका झाडाला दोन भाषांतली नावं विचारून लिहून घेणारा माणूस निदान ऐकत होता.

आता कमळाकडे येऊ. अकराव्या खंडात पाण्यातली झाडं आहेत. हा खंड निघाला १६९२ मध्ये, रेडे वारल्यानंतर. तो डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे जाताना जहाजावर गेला आणि त्याची कबर सुरतेत आहे. या खंडात 'आम्बेल' नावाखाली पाणकमळं आहेत आणि 'तामर' नावाखाली कमळ. दोन वेगळी नावं. केरळात आजही घरगुती बोलण्यात हा फरक पाळतात: आम्बल वेगळं, तामर वेगळं.

आणि आपण? आपण दोघांनाही बिनदिक्कत 'कमळ' म्हणतो. फारच झालं तर एखादी आजी 'कमोद' म्हणेल, आणि गोव्यात 'साळक' ऐकू येईल. संस्कृतात भेद पक्का होता. पद्म, पंकज हे एक. कुमुद आणि उत्पल हे दुसरं. कुमुद रात्री उमलतं म्हणून चंद्राशी जोडलेलं, पद्म दिवसा म्हणून सूर्याशी. बोलीत येता येता सगळं एका शब्दात विरघळलं. जर्मन मात्र इथे आपल्याहून काटेकोर: पाणकमळ म्हणजे 'झेरोजे', पिवळं छोटं ते 'टाइखरोजे', आणि आपलं पद्म ते 'लोटोस'.

फरक ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही, चित्रकाराची नजर पुरते. पाणकमळाचं पान पाण्यावर तरंगतं आणि देठापाशी त्याला खाच असते, जणू गोल केकमधला एक तुकडा कापून नेला आहे. कमळाचं पान सलग गोल, देठ मधोमध खालून जोडलेला, आणि पूर्ण वाढलं की पाण्याच्या बराच वर उभं, छत्रीसारखं. त्यावर पाणी ठरत नाही. मराठीत आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो, तीच करामत; बॉनच्या विल्हेल्म बार्टलॉट यांनी १९९० च्या दशकात तिचा अभ्यास केला तेव्हापासून जग तिला 'लोटस इफेक्ट' म्हणतं. अळवाचं नाव मागे राहिलं. आणि कमळाच्या फुलाच्या मध्यभागी तो उलटा शंकू असतो, शॉवरच्या जाळीसारखा, ज्याच्या भोकांत बिया बसतात. पाणकमळात तसं काही नाही.

आता गंमत बघा. रेगेन्सबर्ग सोडल्यावर एह्रेट पायी हिंडत पॅरिस, लंडन करत १७३६ मध्ये हॉलंडला पोचला. तिथे क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या बागेत त्याला भेटला कार्ल लिनियस. लिनियसची नवी पद्धत होती फुलातले पुंकेसर मोजण्याची: किती आहेत, त्यावर झाडाचा वर्ग. एह्रेटने त्या २४ वर्गांचा एक सुरेख तक्ता काढला. लिनियसने पुढे तो आपल्या पुस्तकात घेतला, चित्रकाराचं नाव न देता. दुसऱ्यांदा तेच! लिनियस 'हॉर्टस मलाबारिकस'ला फार मानायचा; परदेशी वनस्पतींसाठी ज्या मोजक्या ग्रंथांवर त्याचा विश्वास होता त्यांपैकी हा एक. तरीही १७५३ मध्ये त्याने कमळ आणि पाणकमळ एकाच 'निम्फिया' गटात टाकली. कारण साधं आहे. दोघांतही पुंकेसर पुष्कळ. मोजणी वीसच्या पलीकडे गेली की 'अनेक', संपलं. पान, खाच, शंकू हे त्या मोजणीत येतच नव्हतं. कोचीच्या वैद्यांनी दोन नावांनी सांगितलेली झाडं मोजणीच्या पद्धतीत एकाच घरात राहायला आली. १७६३ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल आदांसाँने कमळाला 'नेलुंबो' म्हणून वेगळं काढलं. आणि विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनए तपासल्यावर कळलं की दोघांचं नातं फारच लांबचं आहे. कमळाचे जवळचे नातेवाईक पाण्यात नाहीतच. त्यांतला एक आहे प्लाटाने, आपल्याकडचा काश्मिरी चिनार ज्या गटातला. तुमच्या जर्मन शहरातल्या बुलेवारवर सोललेल्या खोडाची जी झाडं रांगेत उभी असतात, ती कमळाची चुलत भावंडं.

आता रंगवणाऱ्याच्या अडचणीकडे. पाण्यातल्या झाडाचं अर्धं अंग दिसत नाही. कंद चिखलात, देठ गढूळ पाण्यात, वर फक्त पान आणि फूल. मग काढायचं काय? वनस्पतींच्या ग्रंथांनी याचा निकाल निर्दयपणे लावला: पाणीच काढून टाकायचं. वाइनमनच्या काय किंवा रेडेच्या काय, पानावर झाड कोऱ्या कागदावर आहे, तळं नाही, बेडूक नाही, उजेडही कुठून येतो ते नाही. त्याने फायदा झाला. देठ कुठे जोडला आहे, खाच कशी आहे हे पाण्यात कधी दिसलं नसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला मोने. त्याचं नाव इथे येणारच होतं, तर लवकर उरकू. जिव्हर्नीच्या तळ्यात त्याने लावलेली रंगीत पाणकमळं लातूर-मार्लियाक या फ्रेंच रोपवाटिकेची संकरित पैदास होती, आणि शेवटच्या मोठ्या चित्रांत त्याने जवळजवळ फुलंच काढून टाकून पाणी ठेवलं. आणि आपल्याकडे? अजिंठ्याला सतराव्या लेण्यात छद्दन्त जातकाची कथा रंगवली आहे, त्यात हत्तींचा कळप कमळांच्या तळ्यात. तिथे पाणी आहे, झाड आहे, जनावरं आहेत, सगळं एकमेकांत गुंतलेलं. ग्रंथातल्या चित्रासारखं काहीच सुटं केलेलं नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातातलं फूल 'निळं कमळ' म्हणून ओळखलं जातं. पण पद्म निळं नसतंच. गुलाबी असतं, पांढरं असतं, अमेरिकेत पिवळं असतं. निळं ते उत्पल, म्हणजे पाणकमळ. त्यामुळे फूल खरोखर निळं मानलं तर 'पद्मपाणी'च्या हातात पद्म नाही.

रेगेन्सबर्गची वनस्पतींची हौस वाइनमनबरोबर संपली नाही. १७९० मध्ये डाव्हिड हाइनरिश होप्पे याने तिथे वनस्पतिशास्त्राची संस्था काढली; अशा संस्थांत ती जगातली सगळ्यात जुनी, अजून चालू असलेली. होप्पेही औषधांच्या दुकानातलाच. त्याने गावाच्या आसपासच्या झाडांचं एक पुस्तक केलं, त्यात चित्रकारालाच सुट्टी: खऱ्या झाडाला शाई लावायची आणि ते थेट कागदावर दाबायचं. कोणाला हजाराचा करार द्यायला नको, कोणी पाचशेवर थांबायला नको. गवत, नेचे, पातळ पानं यांना ही युक्ती उत्तम. पाणकमळासारख्या रसाळ, थरांच्या फुलाचा मात्र दाबल्यावर लगदा होतो. तिथे माणूसच लागतो, बघणारा आणि उचलून रंगवणारा.

आणि एक गोष्ट उलट्या दिशेने गेली. तुमच्या घरी, किंवा आईच्या माहेरी, गुलाबी कमळावर उभ्या लक्ष्मीचं रवि वर्मा पद्धतीचं चित्र असणार. रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नंतर विकत घेतला तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लाइशर याने. ज्या शिळाछपाईवर ती लक्ष्मी निघाली ती काढली म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने, अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी. आणि त्या छपाईसाठी जगात सगळ्यात नावाजलेला चुनखडीचा दगड येतो झोल्नहोफेनहून, तेही बव्हेरियातच, रेगेन्सबर्गहून फार लांब नाही.

एह्रेटचं पुढे बरं झालं. न्युरेम्बर्गचा डॉक्टर ट्रेव त्याचा जन्मभराचा पाठीराखा ठरला, लंडनमध्ये त्याचं नाव झालं, १७५७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, १७७० मध्ये वारला. आज वनस्पतिचित्रकारांत अठराव्या शतकातलं पहिलं नाव त्याचंच घेतात. पण हिशेब मांडला तर एक विचित्र गोष्ट उरते. कंपनी सरकारच्या हुकमाखाली, परक्या भाषेत छापलेल्या ग्रंथात कोचीच्या चार वैद्यांची नावं त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली गेली. आणि स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत करार केलेल्या चित्रकाराची पाचशे चित्रं दुसऱ्याच्या पुस्तकात बिननावाची मिसळली गेली. रेडे मोठा उदार होता असं नाही. त्याला साक्षीदार हवे होते. युरोपातल्या वाचकाने बारा खंडांवर विश्वास ठेवायचा तर कोणीतरी नाव, गाव, तारीख देऊन सांगायला हवं होतं की हे खरं आहे. वाइनमनला साक्षीदाराची गरज नव्हती, फक्त हाताची होती.

दोन्ही ग्रंथ स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत. आधी 'हॉर्टस मलाबारिकस'चा पहिला खंड उघडा आणि नागरीतलं पान शोधा. वळण जुनं आहे, जोडून लिहिलेलं, अक्षर लागायला थोडा वेळ जातो. मग अकरावा खंड, आम्बेल आणि तामर. मग वाइनमनचा तिसरा. आणि जून-जुलैमध्ये रेगेन्सबर्गला असाल तर पुलावरून खाली उतरून नदीकाठाने चालत जा. डॅन्यूबच्या मुख्य प्रवाहात नाही, पण वाहणं सोडून दिलेल्या जुन्या पाण्यात अशी फुलं असतात. पांढरं मोठं असेल तर झेरोजे, पिवळं मुठीएवढंही नसेल तर टाइखरोजे. पानाची खाच बघा.